गळ्यापर्यंत गरम पाणी

हिवाळ्यात घरच्या घरी सुखी राहायला फारसं काही लागत नाही, असं सगळेच सांगतात. वाफाळता चहा, जाडजूड पांघरूण, खिडकीतून येणारं ऊन आणि समाधानी वृत्ती, एवढं असलं की झालं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी आमच्या घरात आहेत. समाधानी वृत्ती बायकोकडे आहे, आणि ती दोघांना पुरेल इतकी असल्यामुळे मी वेगळी बाळगलेली नाही.

बायको औषधांच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर काउंटरमागे उभं राहायचं, आणि थंडीत तर अख्खं गाव खोकत तिच्यासमोर येतं. दुकानाला पुढून दार नाही, नुसतं शटर. ते वर गेलं की वारा सरळ गिऱ्हाइकासारखा आत येतो. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा तिच्या पायांना हात लावला तर फ्रीजमधली बाटली धरल्यासारखं वाटतं. पण तक्रार म्हणून नाही. लग्न झाल्यापासून मी तिच्या तोंडून 'नाही' हा शब्द ऐकलेला नाही. मालक म्हणाला, जरा वेळ थांबाल का, ही थांबते. शेजारीण म्हणाली, जरा बाळाला बघाल का, ही बघते. आई म्हणाली, अगं उभीच आहेस तर तेवढी भांडी विसळून टाक, ही विसळते. माझं नेमकं उलट आहे. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो. तपासतो म्हणजे नाकारतो. समोरच्याला सभ्य शब्दांत 'नाही' कसं म्हणावं याचाच मला पगार मिळतो, आणि या कामात ऑफिसात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी म्हणत नाही, ज्यांचे दावे नाकारले ते म्हणतात, आणि वेगळ्या शब्दांत म्हणतात.

तर एका संध्याकाळी ही पातेल्यात गरम पाणी घेऊन पाय शेकत बसली होती. पातेलं लहान, म्हणून एका वेळी एकच पाय. एक पाय सुखात, दुसरा रांगेत. डोळे मिटून ती म्हणाली, "एकदा तरी बाई, असं गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायला मिळायला हवं."

आणि लगेच डोळे उघडून, काहीतरी भलतंच मागून बसल्यासारखी, "तुम्हाला चहा टाकू का हो?" म्हणाली.

मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत या बाईने स्वतःसाठी काही मागितलं असेल तर ते हे, आणि तेही पातेल्याकडे बघत. मी ताडकन उठलो आणि जाहीर केलं, "थंडी संपायच्या आत तुला गळ्यापर्यंत गरम पाण्यात नाही बसवली, तर नाव नाही सांगणार!"

"बरं," ती म्हणाली, आणि पाय बदलला.

आमच्या इमारतीच्या भिंती आडपडदा म्हणून ठीक आहेत, भिंत म्हणून नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तर जिन्यात वरच्या वहिनी उभ्याच होत्या. या वहिनींना सल्ला द्यायला विषय लागत नाही, माणूस लागतो. "ड्रम घ्या भाऊजी," त्या म्हणाल्या, "निळा. झाकणाचा. उभं राहून गळ्यापर्यंत येतं पाणी." मी म्हटलं, वहिनी, ती दिवसभर उभीच असते, तिला बसायचंय. "मग आत स्टूल ठेवा," वहिनी म्हणाल्या. शिवाय पायरीपायरीने माझ्याबरोबर खाली येत त्यांनी झाकणाला भोकं किती आणि कुठे पाडावीत हेही सांगितलं.

आईने तर विषय मुळातच निकालात काढला. "बसून आंघोळ? म्हणजे अंगाचा मळ पाण्यात, आणि आपण त्या पाण्यात? पाणी अंगावरून जायला हवं रे, अंग पाण्यात जाऊन काय उपयोग? म्हशीचं ठीक आहे." माझ्या लहानपणापासून आईची पाण्याबद्दल ठाम मतं आहेत. त्यातलं सर्वांत ठाम मत असं, की नळाला पाणी आलेलं असताना घरात एकही भांडं रिकामं दिसता कामा नये. आमच्याकडे नळ आला की हंडे, बादल्या, पिंप, किटली, फुलदाणी, सगळं भरतं. एकदा माझी पाण्याची बाटली समजून तिने गरम पाण्याची रबरी पिशवी भरून ठेवली होती.

पण मी मागे हटणाऱ्यातला नव्हे. शोधता शोधता बसथांब्याजवळचं एक जुनं लॉज पाडत असल्याचं कळलं. तिथे अंगणात, दारंखिडक्यांच्या ढिगाऱ्याशेजारी, तो पडला होता. टब. लोखंडी, आतून पांढराशुभ्र मुलामा, आणि खाली वळलेले चार पाय. मी बुटासकट आत बसून पाहिलं. डोकं टेकायला अगदी हवा तसा उतार. पाडकाम करणारा मुकादम म्हणाला, "घेऊन टाका साहेब, आम्हाला तो उचलायचाच ताप आहे." मी तिथल्या तिथे तो आपला करून टाकला.

आता घोडं पेंड खायला लागलं ते खालच्या मजल्यावर. आमच्या बरोबर खाली जे काका राहतात त्यांना सगळी इमारत ओलकाका म्हणते. निवृत्त झाल्यापासून त्यांचं एकच काम, आरामखुर्चीत पडून आपल्या छतावर ओल कुठे येते ते बघणं. आमच्याकडे शेजारणीचं बाळ रडलं तरी हे छताला हात लावून बघतात. टबाची बातमी कळताच त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठलं, आणि संध्याकाळी सेक्रेटरी आमच्या दारात हजर झाले.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," सेक्रेटरी म्हणाले. ते नेहमी याच वाक्याने सुरुवात करतात, परवा जिन्यातला दिवा गेला तेव्हाही केली होती. "टब लोखंडाचा. टबात पाणी. पाण्यात वहिनी. एवढा भार स्लॅबने का म्हणून सोसायचा?"

"वहिनी आत्ताही याच स्लॅबवर राहतात," मी म्हटलं.

"पण कोरड्या," सेक्रेटरी म्हणाले.

रीतसर इंजिनिअर बोलवावा अशी सूचना आली. पण फीचा विषय निघताच खजिनदारांनी ती हाणून पाडली. मग कमिटीतल्या कोण्या उंटावरच्या शहाण्याच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. भरलेल्या टबाचं जेवढं वजन, तेवढ्या वजनाची माणसं आमच्या न्हाणीघरात उभी करायची. छत धरलं तर परवानगी. आणि एवढं वजन कमिटीत होतंच. एकट्या खजिनदारांत निम्मं होतं.

रविवारी सकाळी अख्खी कमिटी आमच्या न्हाणीघरात शिरली. कोणी कमोडवर, कोणी बादलीला मिठी मारून. खजिनदार शेवटी आले. आमच्या न्हाणीघराचं दार आतल्या बाजूला उघडतं, तेव्हा ते आत मावावेत म्हणून दार लोटून घ्यावं लागलं. खालून डक्टमधून ओलकाकांचा आवाज आला, "अजून काही दिसत नाही! जरा उड्या मारा!" कमिटीने उड्या मारल्या. त्या गडबडीत कोणाचं तरी कोपर नळाला लागलं आणि वरचा शॉवर सुरू झाला. ऐन थंडीत, गार पाण्याचा. आतून जो आवाज आला तो कमिटीच्या बैठकीत मी कधी ऐकला नव्हता. त्यात एकमत होतं.

पुढचं दुःख असं की दार आत उघडतं, आणि दाराच्या आतल्या बाजूला खजिनदार होते. ते सरकल्याशिवाय दार उघडेना, आणि दार उघडल्याशिवाय ते सरकेनात. कोणीतरी नळ बंद केला, पण गार पाणी अंगात शिरायचं ते शिरलंच होतं. मी बाहेरून ढकलत होतो, सेक्रेटरी आतून 'तत्त्वाचा प्रश्न' म्हणत होते. बायकोने काय केलं असेल? चहा केला आणि वरच्या झरोक्यातून एकेक कप आत सोडला. खजिनदारांनी जरा कमोडवर चढावं, की दार उघडेल, हे आतल्या प्रत्येकाला सुचलेलं होतं. पण म्हणायचं कोणी? अखेर आईच दाराशी जाऊन ओरडली, "अहो, ते जाडे कोण आहेत, त्यांना वर चढवा!"

ओली कमिटी निमूटपणे घरी गेली. ओलकाकांना छतावर काहीही सापडलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं. मला परवानगी मिळाली. माझ्या घरात उभे राहून चार लोक कुडकुडले याची बोच मात्र मला मिळाली, आणि बाजारात भेटलं की खजिनदार अजून दुसऱ्या फुटपाथवर जातात.

टब आला. चार हमालांनी जिन्यात थांबत थांबत, लॉजवाल्याच्या सात पिढ्या आठवत तो वर आणला. मी दाराची रुंदी मोजली होती, टबाची रुंदी मोजली होती, आणि दोन्ही आकडे मला तोंडपाठ होते. मोजायचं राहिलं होतं ते बोळातलं वळण. टब न्हाणीघराच्या दारापर्यंत गेला आणि तिथे आडवा होऊन बसला. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, आमच्याकडे हत्तीच राहिला. हमालांनी तो परत हॉलमध्ये आणून ठेवला, पाणी प्यायले आणि नमस्कार करून गेले.

मग काही दिवस आम्ही टबाशेजारी राहिलो. येणारा जाणारा आधी त्यात डोकावायचा. वरच्या वहिनी येऊन त्यात बसून गेल्या आणि स्टूल इथे बसणार नाही असं सांगून गेल्या. ऑफिसातला माझा एक सहकारी घरी आला होता, त्याला चहा टबाच्या काठावर बसून घ्यावा लागला. दुसऱ्या दिवशी ऑफिसभर झालं की मी घरी सोफा ठेवत नाही. बायको मात्र संध्याकाळी आली की एकदा त्या पांढऱ्या काठावरून हात फिरवायची आणि मग स्वयंपाकघरात जायची. तेवढ्यासाठी मी सगळं सहन करत होतो.

शेवटी तो मागच्या गॅलरीत गेला. गॅलरीला काचा लावलेल्या आहेत, कपडे धुवायची मोरी आहे, नळ आहे, आणि सकाळी तिथे ऊनही येतं. फरशीवर साबणाचं पाणी ओतून मी आणि नळवाल्याने टब सरकवत नेला. टब छान सरकला. नळवाला त्याहून छान सरकला आणि कपड्यांच्या दांडीला लटकला. पण टब जाग्यावर बसला. काचांना पडदे लागले, दाराला आतून कडी लागली. आता फक्त पाणी तापवायचं राहिलं.

'फक्त' हा शब्द मी विमा कंपनीत जपून वापरतो, घरी विसरलो. आमचा गीझर एका वेळी बादलीभर पाणी तापवतो आणि मग विचार करत बसतो. त्याने दुसरी बादली तयार करेपर्यंत पहिली टबात पडून गार होते. शेगडीवरचं पातेलं भर घालतं खरं, पण टबाच्या तळाशी ते दिसतसुद्धा नाही. मी हट्टाला पेटलो. पुढच्या सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून गीझर, शेगडी, इलेक्ट्रिक किटली, सगळं पेटवलं. टबावर जुनी ब्लँकेट पांघरून वाफ कोंडली. दुपार व्हायच्या आत टब अर्धा झाला आणि हात घातला तर हात काढावासा वाटेना. बायकोला म्हटलं, "चल, टॉवेल घे." ती चक्क लाजली.

"तेवढे केस बांधून येते," म्हणाली. मी शेवटचं पातेलं आणायला स्वयंपाकघरात गेलो. आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं.

मी परत आलो तेव्हा आई ब्लँकेटची घडी घालत होती. नळ धो धो सुटलेला, टब काठोकाठ. "अर्धवट भरलेलं भांडं तसंच टाकून गेलास!" ती म्हणाली. "बरं झालं मी बघितलं. नळ गेला असता म्हणजे मग बोंब मारत बसला असतास."

मी पाण्यात बोट घातलं. हिवाळा लागला.

बायको केस बांधून दारात उभी होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, टबाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "असू दे हो. पाणी भरलेलं असलेलं बरंच." आणि आई म्हणते तसं ते पाणी ओतून द्यायचं पाप आमच्या घरात कोणी करणं शक्य नव्हतं. टबावर फळी टाकली गेली. गळ्यापर्यंतच्या सुखाचं पिंप झालं.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे काय ते त्यानंतर कळलं. इमारतीचा पंप जळाला. नळवाला म्हणाला उद्या बघतो. नळवाल्याच्या 'उद्या'ला आमच्या इमारतीत आडनाव असल्यासारखा मान आहे. लोकांच्या बादल्या संपल्या, पिंपं संपली, टँकर येतो येतो म्हणत येईना. आणि मग जिन्यात कोणीतरी आठवण काढली, की दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा एक लोखंडी समुद्र आहे.

पहिल्यांदा वरच्या वहिनी आल्या, निळा ड्रम घेऊन. मग ओलकाका, एका हातात बादली आणि दुसऱ्याने जिना धरून. मग कमिटीतले एकेक. खजिनदार स्वतः आले नाहीत, त्यांनी दोन कळशा पाठवल्या. सेक्रेटरी आले ते हात मागे बांधून, पाच मिनिटं थंडीबद्दल बोलले, पंपाबद्दल बोलले, तत्त्वाबद्दलही बोलले. "अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" आई म्हणाली. तेव्हा पाठीमागून तपेली पुढे आली.

आई टबाजवळ पाट टाकून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "म्हणून भांडं भरलेलं असावं," ती प्रत्येकाला सांगायची. मला म्हणाल तर मनात हजार वेळा 'नाही' म्हणून झालं होतं. छापील नमुन्यात सुद्धा तयार होतं, 'आपली बादली आमच्या अटींत बसत नसल्याने.' पण आईपुढे आपलं काही चालत नाही.

संध्याकाळी बायको कामावरून आली. दिवसभर उभी राहून आली आणि आल्या आल्या पदर खोचून तांब्याने लोकांच्या बादल्या भरू लागली. गार पाण्यात हात, गार फरशीवर पाय. मी म्हटलं, अगं तू बस, मी भरतो. "झालंच आता," म्हणाली. रांग संपेपर्यंत तिच्या बोटांची टोकं सुरकुतली होती. मग ती आत येऊन पलंगाच्या कडेला बसली आणि पाय चोळत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तो टब विकून टाका ना. मला नको आता. तुम्ही केलंत एवढं, पोचलं मला. पण खरं सांगू, घरात आणखी एक भांडं वाढलं, घासायला."

रागावून म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती रागावली नव्हती. तिने फक्त मागितलेली एकुलती एक गोष्ट परत देऊन टाकली होती. मला रात्रभर ते टोचत राहिलं. पंप दुरुस्त झाला, पाणी आलं, इमारत पुन्हा आंघोळीला लागली आणि कोणाला आमच्या दाराची आठवण राहिली नाही. गरज सरो आणि वैद्य मरो. थंडीही आता परतीच्या वाटेवर होती, सकाळी धुकं उशिरा येऊन लवकर जात होतं.

तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी मी स्वेटर चढवला, केस विंचरले आणि जिना उतरलो. जन्मभर मी लोकांचे दावे नाकारत आलो, आज मी दावा घेऊन निघालो होतो.

"काका," मी ओलकाकांना म्हटलं, "आमच्याकडून पाणी नेलंत, ते परत हवंय."

"अहो, नळाला आलंय की आता," ओलकाका म्हणाले.

"गरम हवंय."

ओलकाका दचकले. मग म्हणाले गुडघा दुखतो, जिना चढवत नाही. मी म्हटलं, पाणी न्यायला आलात तेव्हा गुडघा होताच. मग म्हणाले, तुमचा टब भरला आणि माझ्या छतावर आलं तर? मी म्हटलं, तर ते तुमचंच पाणी असेल. माणूस 'नाही' म्हणायला काय काय कारणं काढतो ती सगळी मला पाठ आहेत, कारण ती मीच लोकांना लिहून पाठवतो. एकेक दार उघडलं, एकेक कारण बाहेर आलं, आणि मी प्रत्येकाला तिथल्या तिथे निकालात काढलं. खजिनदारांनी दार उघडलं नाही. मी दाराबाहेरून म्हटलं, "दार कुठल्या बाजूला उघडतं आपलं?" दार उघडलं.

सेक्रेटरींनी मात्र विचार केला आणि म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे." मी कंबर कसली. "सगळ्यांनी एकदम गीझर लावले तर मुख्य फ्यूज उडेल. तेव्हा सगळ्यांनी शेगडीवर तापवायचं. आणि वरच्या मजल्याने आधी आणायचं, म्हणजे जिन्यात कोंडी होणार नाही. मी खाली उभा राहून सांगतो." न्हाणीघरातल्या त्या शॉवरनंतर या माणसाबद्दल मला पहिल्यांदाच माया वाटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आईला मी गॅलरीच्या नळापासून लांब, स्वयंपाकघरात अडकवलं. "आज नळाकडे बघायचंसुद्धा नाही," मी म्हटलं. "मग बघू कुठे?" ती म्हणाली, आणि घड्याळाकडे बघत बसली. टब मी आदल्या दिवशीच घासून लखलखीत केला होता. मी स्वतः. भांडं वाढलं होतं ना, ते मी घासलं.

बेल वाजली. बायकोने दार उघडलं, तर समोर वरच्या वहिनी, कुकर घेऊन. "पुन्हा पाणी गेलं का?" ती घाबरून म्हणाली, आणि सवयीने पदर खोचू लागली.

"बाजूला व्हा हो, पोळेल," वहिनी म्हणाल्या आणि आत घुसल्या.

मग रीघ लागली. पातेली, हंडे, मोठी किटली, जिच्या पाण्याला चहाचा वास होता. कोणी फडक्याने धरून, कोणी तोंडाने फुंकत. सेक्रेटरींचा आवाज जिन्यातून येत होता, "दुसरा मजला थांबा! तिसरा मजला चला!" ओलकाका एका पायरीला एक दम घेत आले, त्यांच्या तपेलीतलं अर्धं जिन्यात सांडलं होतं, तरी वाफ निघत होती. खजिनदारांनी दोन्ही हातांत दोन कळशा आणल्या, टबात रित्या केल्या आणि टबाकडे बघून, "भक्कम आहे," एवढंच बोलले. गॅलरीच्या काचा धूसर झाल्या. काचेतून येणारं ऊन वाफेत अडकून तिथेच थांबलं.

बायको दारात उभी होती, हात पदरात तसेच. तिला सगळं समजलं होतं. "अहो, मी विकून टाका म्हटलं होतं ना," ती कशीबशी म्हणाली.

"तुझा अर्ज नामंजूर झाला," मी म्हटलं. "टॉवेल घे. जा."

ती आत गेली. कडी लागली. आणि मग एक अडचण आली. लोक जाईनात. रिकामी भांडी हातात घेऊन सगळे हॉलमध्ये उभे, जणू आत शस्त्रक्रिया चालली होती. आतून आवाज येईना. पाण्याचाही नाही. वरच्या वहिनी हळूच म्हणाल्या, "चक्कर तर नाही ना आली? वाफेने येते. माझ्या मामेबहिणीच्या जावेला..." "शू!" सेक्रेटरी म्हणाले. ओलकाका सवयीने छताकडे बघत होते. एवढा खटाटोप करून ती तिथे अवघडून, भिऊन, कोणाला वाईट वाटू नये म्हणून बसली असेल तर?

"अहो..." आतून हाक आली.

मी दाराला जवळजवळ आदळलो. "काय गं? काय झालं?"

"जरा तांब्या देता का?"

हॉलमध्ये हशा पिकला. आई स्वयंपाकघरातून विजयी मुद्रेने बाहेर आली. "मी म्हटलं नव्हतं? पाणी अंगावरून जायला हवं!" तिनेच तांब्या आणून दिला, मी दाराच्या फटीतून तो आत सरकवला. एक ओला, गरम हात आला आणि तांब्या घेऊन गेला. त्या हाताची बोटं माझ्या बोटांना लागली. इतक्या हिवाळ्यांत तिचा हात माझ्यापेक्षा गरम असल्याची ती पहिलीच वेळ. मग आत डोक्यावरून पाणी पडल्याचा आवाज आला, पुन्हा एकदा, सावकाश, आणि त्यानंतर काहीतरी गुणगुणल्याचा. लोक आपापली भांडी उचलून पाय न वाजवता निघून गेले.

बराच वेळ झाला. मी दाराबाहेर स्टुलावर बसलो होतो, काही करायचं नव्हतं, पण उठवत नव्हतं. तेवढ्यात आई आली. तिच्या दोन्ही हातांत घरातल्या सगळ्या चादरींचं गाठोडं होतं.

"झालं का गं?" तिने दार वाजवलं. "ये आता बाहेर. पाणी कोमट आहे तोवर चादरी भिजवून टाकते. एवढं पाणी वाया नको जायला."

आतलं गुणगुणणं थांबलं. मला माहीत होतं, आता कडी वाजणार, ही ओल्या केसांनी बाहेर येणार, आणि वर चादरी पिळूही लागणार.

"नाही!" आतून आवाज आला.

मोठ्याने, स्पष्ट, आणि कारण न देता. माझी सगळी नोकरी 'नाही' म्हणण्यात गेली आहे, पण इतकं सुरेख 'नाही' मला एकदाही जमलेलं नाही.

आईने गाठोडं खाली ठेवलं आणि त्यावरच माझ्याशेजारी बसली. "बसू दे तिला," ती म्हणाली. "चादरी काय, उद्याही भिजतील."